वानखेडे सरांचे शेरे

आमच्या सोसायटीच्या सूचनाफलकावर दर रविवारी सकाळी साडेआठ वाजता एक कागद लागतो. त्याच्या एका बाजूला ‘टाकी धुणार असल्याने बुधवारी पाणी बंद’, दुसऱ्या बाजूला ‘कुत्रे जिन्यात बांधू नये, हे लिहावे लागते याचे आश्चर्य वाटते’, आणि मधोमध, चारही कोपऱ्यांत टाचण्या मारलेला, वळणदार अक्षरातला हा कागद. त्यातला एक इथे जसाच्या तसा देतो.

“भाग दुसरा. कु. हारुमी हिची वर्तणूक समाधानकारक नाही. वडील जेवत असताना ताटावरून उठली. कारण विचारले असता गप्प राहिली. सायकली दुरुस्त करण्यात वेळ दवडते. समुद्र चांगला काढला आहे. पार्श्वसंगीत कमी केल्यास चालेल. गुण शंभरपैकी एकतीस. सुधारणेस वाव आहे. – द. बा. वानखेडे, निवृत्त शिक्षण विस्तार अधिकारी, फ्लॅट नंबर अकरा.”

कु. हारुमी आमच्या सोसायटीत राहत नाही. ती जपानात राहते, आणि खरं तर तिथेही राहत नाही, कारण ती एका ॲनिमे मालिकेतली आहे. हे मला पहिला कागद लागल्यावर तीन दिवसांनी कळलं. तोवर दुसऱ्या मजल्यावरच्या साने काकू मला दोनदा विचारून गेल्या होत्या की ही मुलगी कुणाकडे पेइंग गेस्ट आहे आणि तिच्या वडिलांना कुणी कळवलं आहे का.

मी या सोसायटीचा सेक्रेटरी. ज्या सभेला मी गेलो नव्हतो त्या सभेत बिनविरोध निवडून आलो, त्याला आता सहा वर्षं झाली. सिंहगड रोडवरच्या आमच्या या अठ्ठेचाळीस फ्लॅटच्या इमारतीत कुठलीही गोष्ट सुधारत नाही, असं माझं प्रामाणिक मत आहे. लिफ्ट सुधारत नाही, गळती सुधारत नाही, माणसं तर नाहीच नाही. अशा ठिकाणी दर आठवड्याला ‘सुधारणेस वाव आहे’ असं लिहिणारा माणूस मला सुरुवातीला केवळ चिडवायला पाठवला आहे असं वाटायचं.

सर मूळचे यवतमाळकडचे. आयुष्य जिल्हा परिषदेच्या शाळा तपासण्यात गेलं. जीपमधून उतरायचं, फळा पाहायचा, चौथीतल्या एखाद्या पोराला उठवून सतराचा पाढा विचारायचा, आणि निघताना शाळेच्या शेरेबुकात चार ओळी लिहून खाली सही करायची. नोकरी संपली, शेरे संपले नाहीत. शर्टाच्या खिशात लाल पेन कायम. लग्नात जेवून आले की हात पुसता पुसता म्हणणार, “मठ्ठा सात. जिलबी साडेपाच. वाढपी नापास.” एकदा दाढ काढून आले तेव्हा गालाला बोळा धरून त्यांनी मला बोटांनी सहा दाखवले. मला वाटलं सहा टाके पडले. ते डॉक्टरला दिलेले गुण होते.

त्यांना सोसायटीच्या मोबाईल ग्रुपमधून मीच काढलं. काढावंच लागलं. कुणी सकाळी गुलाबाचं फूल टाकलं की खाली सरांचं उत्तर यायचं, “फूल चार, मजकूर एक.” कुणाच्या मुलाला दहावीत ब्याण्णव टक्के पडले, त्यावर “अभिनंदन. हस्ताक्षर पाहिल्याशिवाय मत देता येत नाही.” हे सगळ्यांनी चालवून घेतलं. पण तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा गेले, सगळ्यांनी भावपूर्ण श्रद्धांजली वाहिली, आणि सरांनी त्याखाली लिहिलं, “सर्व उत्तरे एकसारखी. सामूहिक कॉपीचा संशय.” त्या रात्री कार्यकारिणीने एकमताने ठराव केला. सहा वर्षांत एकमताने झालेला तो एकच ठराव.

काढल्याचं सांगायला मी स्वतः गेलो. वाटलं, भांडतील. ते म्हणाले, “निर्णय योग्य आहे. परीक्षकाने विद्यार्थ्यांत बसू नये.” मग म्हणाले, “फलकावर कागद लावायला हरकत नाही ना?”

“नाही. माझी सही लागते फक्त.”

“आणि फलकावरच्या प्रत्येक कागदाचा फोटो तुम्ही ग्रुपवर टाकता, हा नियम अजून आहे ना?”

तो नियम होता. फलक जिन्याजवळ आणि माणसं लिफ्टने जाणारी, त्यामुळे फलक कुणी वाचत नाही. म्हणून लागलेला प्रत्येक कागद सेक्रेटरीने फोटो काढून ग्रुपवर पाठवायचा, असं ठरलेलं. मी ‘हो’ म्हटलं. सरांनी मान डोलावली. दसरा झाल्यावरच्या रविवारी पहिला भाग लागला.

आता ही मालिका काय, ते थोडक्यात सांगतो. जपानातलं एक छोटं बंदर. हारुमीच्या वडिलांची प्रवासी होडी होती, माणसं पलीकडच्या बेटावर सोडायची. तिथे पूल झाला, होडी बंद पडली. आई आधीच वारलेली. मुलगी शिक्षण सोडून सायकल दुरुस्तीचं दुकान चालवते. रोज संध्याकाळी बापलेक समोरासमोर बसून जेवतात आणि बोलत नाहीत. बस. चोवीस भाग हेच. वडिलांना नावसुद्धा नाही, त्यावर सरांनी शेरा मारला होता, “पालकाचे नाव हजेरीपटावर नाही. संबंधितांनी खुलासा करावा.”

कार्टून म्हटलेलं सरांना चालत नसे. प्रत्येक भाग ते तीनदा पाहत. एकदा आवाज बंद करून, ‘चेहरे तपासायला’. एकदा डोळे मिटून, ‘सूर तपासायला’. आणि तिसऱ्यांदा बुधवार पेठेतून आणलेला जाडजूड इंग्रजी-मराठी शब्दकोश मांडीवर घेऊन, खालची इंग्रजी ओळ थांबवून थांबवून. वीस मिनिटांच्या भागाला त्यांचा अख्खा शनिवार जाई.

लोकांनी आधी थट्टा केली, मग तक्रारी केल्या, आणि नंतर वाचायला लागले. साने काकूंनी मालिका कधी पाहिली नाही, पाहणारही नाहीत, पण त्या मला भाजीवाल्यापाशी गाठून विचारायच्या, “काय हो, बोलले का तिचे वडील?”

“नाही अजून.”

“मेला हट्टी आहे,” म्हणत त्या मेथीची जुडी हातात तोलायच्या.

नवव्या भागाच्या वेळी सरांनी मला घरी बोलावलं. मुलीचा जुना लॅपटॉप टेबलावर, समोर दोन खुर्च्या. त्यांच्या मुलीला, प्रज्ञाला, मी ओळखत होतो. आयटीत होती, दोन वर्षांपूर्वी घर सोडून गेली, लोणी काळभोरच्या एका कॉलेजात शिकवते एवढं ऐकून होतो. कुणी विचारलं की सर “कामात असते” म्हणायचे आणि विषय बदलायचे. त्या दिवशी त्यांनी एक जागा लावली. वडील स्वतःच्या वाडग्यातला माशाचा तुकडा उचलून मुलीच्या वाडग्यात ठेवतात. ती खिडकीबाहेर बघत असते. दोन सेकंदांचं काम.

“पाहिलं?” सर म्हणाले.

“पाहिलं. मासा दिला.”

“तिने पाहिलं नाही.” त्यांनी मागे नेऊन परत लावलं. “आता बघा. नाही पाहिलं.” परत लावलं. पाचव्यांदा लावलं तेव्हा मी म्हटलं, “सर, ती आता काही बघणार नाही. ते काढूनच ठेवलंय तसं.”  चहा गार झाला होता, त्याला त्यांनी गुण दिले नाहीत.

त्या रविवारचा शेरा असा होता. “वडिलांनी माशाचा तुकडा मुलीच्या वाडग्यात ठेवला. मुलीने पाहिले नाही. परीक्षकानेही पहिल्या दोन वेळा पाहिले नाही. परीक्षकाचे दहा गुण कापण्यात यावेत.”

तिथून पुढे कागद बदलत गेले. मला तेव्हा ते नीट लक्षात आलं नाही, फोटो काढणाऱ्याला मजकुराशी काय घेणं. पण हारुमीचे गुण चढत होते आणि वडिलांचे उतरत होते. सोळाव्या भागात वडिलांना चौदा. एकोणिसाव्यात, “आज वडील दुकानाच्या दारापर्यंत गेले व परत आले. प्रयत्नाचे दोन गुण.” पार्श्वसंगीताबद्दलची तक्रार बंद झाली.

मार्चमध्ये तेविसावा भाग लागला आणि चेअरमन मला म्हणाले की ग्रुप पाण्याच्या सूचनांसाठी आहे. खडकवासल्यात पाणी किती आणि टँकर कधी, हे शोधायला गेलं की मध्ये वानखेड्यांचं बंदर येतं. कागद फलकावर राहू दे, पण ग्रुपवर फोटो बंद कर. मला ते पटलं. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखंच वाटलं. मी संध्याकाळी अकरा नंबरची बेल वाजवली.

सरांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, “उलटं करा. फलकावर नका लावू. फोटो मात्र पाठवा.”

“असं कसं सर? फलकावर नाही तर फोटो कशाचा?”

“माझ्या हातातल्या कागदाचा काढा. पण ग्रुपवर पाठवा.”

“कुणासाठी पण?”

ते उठून आत गेले आणि कार्यालयात असतात तसली, नाडी बांधलेली एक फाईल घेऊन आले. आत सहा पानं होती, टाइप केलेली. वर त्याच मालिकेचं नाव, खाली प्रज्ञाचं. पहिल्या भागावर तिने लिहिलेला लेख. नोकरी सोडून असंच काही लिहीत राहावं असं तिच्या मनात होतं, आणि एका दिवाळी अंकाला पाठवायच्या आधी तिने तो वडिलांच्या हातात दिला होता. आई जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते.

सहाच्या सहा पानं लाल होती. वेलांट्या, विरामचिन्हं, ‘परिच्छेद बदला’, ‘पुनरुक्ती’. तिसऱ्या पानावर एक वाक्य होतं: त्या घरात दोन माणसं एका टेबलाशी जेवतात आणि दोघांनाही वाटत असतं की आपण एकटेच जेवतो आहोत. त्याला लाल कंस, आणि समासात ‘अतिशयोक्ती’. शेवटच्या पानाखाली, मी गेले पाच महिने फलकावर पाहत आलेल्या त्याच वळणदार अक्षरात, शेरा होता. “वडिलांचे पात्र अवास्तव. असे वडील असत नाहीत. सुधारणेस वाव आहे. शंभरपैकी बेचाळीस.”

मी तो कागद हातात धरून बसलो. 

“मी वेलांट्या बघत होतो हो,” सर म्हणाले. “तिने विचारलं, बाबा, आवडलं का. मी म्हटलं, खाली लिहिलंय, वाच. तिने वाचलं. पंधरा दिवसांनी बॅग भरली आणि दारात म्हणाली, पस्तिसाला पास असतं ना बाबा? मग झाले मी पास. जाते.”

त्यानंतर तिने त्यांचा फोन कधी घेतला नाही. दुसऱ्याच्या फोनवरून केला तर आवाज ओळखताच फोन ठेवायची. दोनदा ते बसने हडपसरपर्यंत गेले आणि तिथूनच परतले, कारण पुढे जाऊन काय म्हणायचं ते सुचेना. लेखाच्या डोक्यावर मालिकेचं नाव होतं, म्हणून ती शोधून पाहायला घेतली. आणि फ्लॅट दोघांच्या नावावर असल्यामुळे प्रज्ञाचा नंबर सोसायटीच्या ग्रुपमध्ये होता. सर ग्रुपमध्ये होते तेव्हा यादीत तिचं नाव रोज पाहायचे. “ती गेली नाही ग्रुपमधून,” ते म्हणाले. “माझा फोन बंद केला, पण सोसायटी सोडली नाही. म्हणजे टाकीची सूचना ती वाचत असणार. मधला कागदही वाचत असेल.”

मी खिशातून मोबाईल काढला. काढता काढताच मला आठवलं.

दिवाळीच्या तोंडावर चेअरमननी सांगितलं होतं की ग्रुपमध्ये बाहेरची माणसं फार झालीत, सोडून गेलेले भाडेकरू, लग्न होऊन गेलेल्या मुली, अमेरिकेतली मुलं, सगळी साफ करा. घरात चकल्या तळल्या जात होत्या आणि मी सोफ्यावर बसून एकेक नंबर काढत होतो. एकूण अकरा जणांचे नंबर काढले. त्यात प्रज्ञा वानखेडे होती. तिला काढताना मी चकलीचा पहिला घाणा चाखत होतो, हेही मला आठवलं.

खोटं बोलता आलं असतं. तिथल्या तिथे तिला परत घालून ‘हो, आहे की’ म्हणता आलं असतं. पण ते समोर फाईल उघडी टाकून बसले होते, त्यामुळे मी सांगितलं.

सरांचं मराठी आम्ही सगळे घाबरायचो इतकं शुद्ध. त्या दिवशी ते पहिल्यांदा त्यांच्या गावच्या बोलीत बोलले. “काहून काढलं तिले?”

  मग त्यांनीच विचारलं, “दिवाळीच्या आधी की नंतर?”

“आदल्या रविवारी. संध्याकाळी.”

त्यांनी बोटांवर हिशेब केला. “म्हणजे पहिले तीन तिला मिळाले.”

“हो. तीन मिळाले असणार.” मला वाटलं, तेवढाच त्यांना दिलासा.

“सेक्रेटरी,” ते म्हणाले, “ते तीनच वाईट होते.”

घरी जाऊन मी ते काढून वाचले. पहिला: “वडील शिस्तप्रिय व बरोबर आहेत. मुलीने त्यांना समजून घ्यावे.” दुसरा तुम्ही वाचलाच आहे. तिसरा: “कु. हारुमी कृतघ्न आहे. अशा मुलांमुळे पालकांना मनस्ताप होतो.” एवढं तिच्यापर्यंत पोचलं होतं. माशाचा तुकडा, दुकानाचं दार, चौदा गुण, हे वीस रविवार साने काकूंनी वाचलं होतं, कुत्रेवाल्याने वाचलं होतं, आणि जिच्यासाठी लिहिलं होतं तिच्या हातात फक्त ते तीन कागद होते. मी बऱ्याच चुका केल्या आहेत. पण इतक्या सहज हातून झालेली दुसरी नाही.

पण ते नंतर. त्या संध्याकाळी मी सरांसमोरच तिचा नंबर परत ग्रुपमध्ये घातला. चेअरमनला काय वाटेल ते वाटो. सर खुर्ची ओढून माझ्या शेजारी येऊन बसले.

“बाहेर पडली?”

“नाही.”

पाच मिनिटांनी, “आता?”

“नाही सर. आहे.”

“मग बरोबर,” म्हणून त्यांनी चष्मा पुसला. मी म्हटलं, चौथ्यापासूनचे सगळे फोटो आत्ता पाठवून देतो, एकदम. त्यांनी माझा हात धरला. “एकदम वीस पेपर कुणी तपासत नाही. कंटाळून बाजूला ठेवतात. मी ठेवलेत.” चोविसावा भाग त्यांनी अजून पाहिलेला नव्हता. तोही पाहणार नाही म्हणाले, इतक्यात नाही.

पुढच्या रविवारी साडेआठला फलकावर नवा कागद होता. “फेरतपासणी. भाग पहिला. पूर्वीचा शेरा रद्द समजावा. परीक्षकाने वडिलांची बाजू घेतली होती, ती वशिलेबाजी होती. कु. हारुमी रोज दोन ताटे मांडते, याची नोंद पूर्वी घेतली नव्हती. वडील टेबलाशी बसलेले असूनही गैरहजर. असे वडील असतात. गुण देण्याचा अधिकार परीक्षकास राहिलेला नाही.”

खाली पहिल्यांदाच गुण नव्हते. सुधारणेस वावही नव्हता.

मी फोटो काढून पाठवला. आपण पाठवलेलं कुणी पाहिलं आणि कुणाला नुसतंच पोचलं, याची यादी मोबाईलवर दिसते, हे मी या वयात शिकलो. संध्याकाळपर्यंत एकेक नाव खालून वर सरकत गेलं. मंगळवारपर्यंत सगळी वर गेली. खाली एकच उरलं. पोचलं होतं, उघडलं नव्हतं.

तेव्हापासून रोज संध्याकाळी सर जिन्यात उभे असतात. फिरायला निघाल्याचा आव असतो, चपला घातलेल्या असतात, पण पायरी सोडत नाहीत.

“हजर किती?”

“सगळे.”

“गैरहजर?”

“एक.”

“निकाल राखून ठेवलाय तिने,” ते म्हणतात. “पट मिटू नका.” आणि वर जातात.

काल फेरतपासणीचा सहावा भाग लागला. वडिलांचा दिवा रात्री उशिरापर्यंत जळत असतो, हे पहिल्या खेपेला सुटलं होतं, असं काहीसं त्यात आहे. मी टाचण्या नीट दाबून मोबाईल धरला, तेवढ्यात साने काकू दुधाची पिशवी घेऊन मागे येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी सगळं वाचलं, आणि मग कपाळाला आठ्या घालून म्हणाल्या, “अहो, हे सगळं परत कशाला? आमचं वाचून झालंय की.”

“एकीचं राहिलंय,” मी म्हटलं, आणि फोटो काढला.